नाकसाहेब भिंतीपाशी उभे राहतात

नियम कुणी लिहिला देव जाणे, पण लिहिणाऱ्याने डोक्याला फार ताप करून घेतला नव्हता एवढं नक्की. कचऱ्यापासून तेल काढा, विटा पाडा, जाळायच्या कांड्या करा, काय हवं ते करा, नियम म्हणत होता. फक्त आवाराच्या भिंतीपाशी उभं राहिलं असता सामान्य माणसाच्या नाकाला त्रास होता कामा नये. झालं, संपला नियम. आता सामान्य माणूस म्हणजे कोण आणि त्रास म्हणजे किती, याबद्दल चकार शब्द नाही. मग खात्याने आपल्यापुरती सोय करून घेतली. त्यांनी एक माणूस नेमला आणि त्याचं नाक म्हणजेच सामान्य माणसाचं नाक, असं धरून चालायचं ठरवलं.

त्या माणसाला सगळे नाकसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब आणि पाठीमागे नाकसाहेब. साहेबांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दिसायला नाक काही विशेष नव्हतं, जरा बसकंच होतं. पण काम असं करायचं की विचारता सोय नाही. प्लास्टिकच्या कचऱ्यापासून तेल काढणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी जीप थांबायची आणि साहेब खाली उतरायच्या आधीच म्हणायचे, "पाइपांचे तुकडे घातलेत यांनी भट्टीत." पाण्याच्या पाइपांचं प्लास्टिक भट्टीत घालायला सक्त मनाई, कारण त्याचा धूर विषारी. पण ते मिळतं स्वस्त, म्हणून मालक लोक चार पोती हळूच आत सरकवायचे. नाकसाहेबांपुढे मात्र त्यांची डाळ शिजत नसे.

आणि मग गेल्या थंडीत साहेबांना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी येईल, असं साहेबांनी विचारलं तेव्हा डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांनी कापूर हुंगला, फिनेल हुंगलं, एकदा तर जीपच्या टाकीचं झाकण उघडून त्यात तोंड खुपसलं. छे, काही म्हणजे काही नाही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सरळ खात्यात जाऊन सांगितलं असतं. पण सांगायचं कसं? खात्यात ज्याचा उपयोग संपला त्याला मोडक्या यंत्रांच्या कोठारात बसवत. तिथे आधीच एक साहेब बसलेले होते. कारखान्यांचा आवाज मोजायचं काम होतं त्यांचं, आणि नेमके कानच गेले. ते दिवसभर बंद पडलेल्या यंत्रांवर फडकं मारत आणि चुकून कुणी आत आलं तर त्याचा हात सोडत नसत. नाकसाहेबांना स्वप्नात ते फडकं दिसायला लागलं. नाक सोडलं तर आपल्यापाशी दुसरं आहे काय, हा विचार त्यांना जेवू देईना. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं आणि पहिल्यासारखेच तपासणीला जायला लागले.

आणि इथे एक गंमत झाली. पहिल्याच कारखान्यात साहेब फाटकाशी उभे राहिले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि आत काहीच शिरलं नाही. काय बोलावं सुचेना, म्हणून नुसतं म्हणाले, "हं." त्याबरोबर मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, दोनच पोती होती, तीही मागच्या आठवड्यात, शपथेवर सांगतो." साहेबांनी डोळे उघडले. पुढच्या कारखान्यात पुन्हा तेच. डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा, हं म्हणायचं आणि थांबायचं. नाक शाबूत होतं तेव्हा जेवढ्या चोऱ्या पकडल्या नसतील तेवढ्या साहेबांनी नाक गेल्यावर पकडल्या. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नाकसाहेब त्या दिवशी घरी येऊन नुसते भिंतीकडे बघत बसले.

घरी मात्र ही मात्रा चालली नाही. बायकोचं शिलाईचं दुकान होतं, दिवसभर दुसऱ्यांची मापं घेणारी बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार? इतकी वर्षं ताटावर बसलं की नवऱ्याचं नाक मुरडणं सुरू व्हायचं. तेल जुनं आहे, डाळीला पाण्याचा वास येतोय, एक ना दोन. आणि आता अचानक सगळं छान. एकदा गिऱ्हाईक आलं म्हणून तिची भाजी पार करपली. साहेबांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि वर आणखी वाढून घेतली. तिने पळी खाली ठेवली.

"तुमचं नाक गेलंय," ती म्हणाली.

साहेबांनी आधी कानावर हात ठेवले, मग मान खाली घातली. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण संसारात पहिल्यांदाच तिला सुखाचा घास मिळत होता, तेही खरंच.

तर अशा बेताने दिवस चालले होते आणि तेवढ्यात शहराच्या टोकाच्या एका कारखान्याची तक्रार आली. कारखान्याच्या भिंतीला लागून वस्ती होती आणि वस्तीचं म्हणणं, आम्हाला वासाने जगू देत नाहीत. कारखान्याची मालकीण नवीन होती. आधी तिची बेकरी होती. पाव करून कंटाळली तेव्हा म्हणाली, भट्टी ती भट्टी, आणि प्लास्टिकमधून तेल काढायला लागली. कारखाना मात्र बेकरीसारखाच ठेवला होता. कामगारांच्या डोक्याला टोप्या, पोत्यांच्या सरळ रांगा, जमीन अशी पुसलेली की साहेबांनी उगाचच बूट झटकले.

फाटकाशी साहेब उभे राहिले. डोळे मिटले. श्वास घेतला.

"हं," ते म्हणाले आणि थांबले.

मालकीणबाईही थांबल्या. एक कामगार पोतं घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"हं म्हणजे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे..." साहेब म्हणाले, "हं."

"ते कळलं. पण वास येतोय का नाही?"

साहेबांना दरदरून घाम फुटला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. ज्याच्या मनात चोर असतो तो कशाला विचारेल? या बाईच्या मनात चोर नव्हता, हीच सगळी पंचाईत होती.

"मी तुम्हाला स्पष्टच सांगते साहेब," ती म्हणाली. "आम्हाला इथे कुणालाच वास येत नाही. दिवसभर यातच असतो ना, नाकं मरून गेलीत आमची. पलीकडचे म्हणतात येतो. ते खोटं बोलतात का आम्ही बहिरे झालोत नाकाने, हे मला कसं कळणार? म्हणून मीच तुमची वाट बघत होते. तुम्ही आहे म्हणालात, तर आत्ता भट्टी विझवते आणि स्क्रू न् स्क्रू उघडून बघते. नाही म्हणालात, तर उद्यापासून त्या लोकांचं एक अक्षर ऐकून घेणार नाही. तुमचा शब्द शेवटचा."

सगळ्या वस्तीचा श्वास आता साहेबांच्या एका शब्दावर येऊन बसला होता, आणि शब्द कुठून आणायचा ते साहेबांना कळत नव्हतं.

"आज वारा बरोबर नाहीये," ते म्हणाले. "उद्या सकाळी बघू."

घरी येऊन त्यांनी बायकोची मनधरणी केली. ती काजं करत बसली होती. "म्हणजे मी दुकान बंद ठेवून तुमच्या त्या उकिरड्यावर येऊन वास घ्यायचा?" ती म्हणाली. साहेब म्हणाले, उकिरडा नाही, कारखाना आहे. ती म्हणाली, उकिरडा नसता तर तुम्ही गेलाच कशाला असतात? वाद बराच रंगला. शेवटी ती तयार झाली, कारण नवऱ्याचा चेहरा तिला बघवेना. तो असा चेहरा करून बसला की तिचा टाका चुकायचा.

"मी आपली कानात सांगेन," ती म्हणाली.

"कानात? सरकारी तपासणी चालली आहे आणि बायको नवऱ्याच्या कानात कुजबुजतेय. चांगलं दिसेल का ते?"

मग साहेबांनी डोकं चालवलं. त्यांचं डोकं असं भलत्या वेळी चालायचं. बायकोला चष्मा होता. वास येत असेल तर तिने चष्मा कपाळावर चढवायचा. हवा स्वच्छ असेल तर चष्मा काढून हातात घ्यायचा.

"आणि नाकावरच राहिला तर?"

"तर तुझं अजून ठरलं नाही असं मी समजेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मालकीणबाईंशी ओळख करून दिली, "या माझ्या सहायक." सहायकबाईंनी साहेबांकडे असं पाहिलं की साहेब लगबगीने भिंतीकडे चालायला लागले. भिंत छातीएवढी होती. पलीकडे घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. इतकी लख्ख सकाळ आणि सगळ्या खिडक्या बंद. कुणाच्याही लक्षात आलं असतं, पण साहेबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी डोळे मिटले, श्वास भरून घेतला आणि मग एक डोळा किलकिला करून बायकोच्या चष्म्याकडे पाहिलं.

आता त्या बाईचं काय झालं ते ऐका. भिंतीपाशी येताच वासाचा असा भपकारा आला की ती दोन पावलं मागे सरकली. तिने घाईघाईने रुमाल काढून नाकावर दाबला. रुमालातून श्वास वर गेला आणि चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. समोरचं दिसेना. म्हणून तिने चष्मा काढून हातात घेतला.

साहेबांना फक्त हातातला चष्मा दिसला. नाकावर रुमाल आहे, डोळे बाहेर आलेत, बाई मागे मागे सरकतेय, यातलं काही म्हणजे काही दिसलं नाही. माणूस बायकोच्या तोंडाकडे बघायचं सोडून चष्म्याकडे बघत असला की असंच व्हायचं.

"हवा स्वच्छ आहे," साहेब खणखणीत आवाजात म्हणाले. "तक्रारीत तथ्य नाही."

मालकीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच वेळी भिंतीवर एक डोकं उगवलं. पलीकडच्या घरातली सून होती, बादली पालथी घालून त्यावर उभी राहिली होती.

"बरं झालं साहेब, तुमच्या तोंडून ऐकलं," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई नुसतं वास येतो, वास येतो करतात. मलाही मधूनच आल्यासारखं वाटतं, पण मग म्हटलं आपल्याही मनाचे खेळ. डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्यात, म्हणाले या वयात भास होतात. मी आतापर्यंत देत नव्हते. वाटायचं, न जाणो, खरंच येत असला तर? आता तुम्हीच सांगितलंत म्हटल्यावर आजपासून सुरू करते."

"अहो," रुमालातून बायकोचा आवाज आला. "चष्मा मी वासामुळे काढलाय."

साहेबांनी आता तिच्या तोंडाकडे पाहिलं. रुमाल दिसला, बाहेर आलेले डोळे दिसले.

"चष्म्याचं काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

अजूनही निसटता आलं असतं, बरं का. काही नाही, खात्याची पद्धत आहे, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. साहेबांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण त्या गोळ्या काही केल्या डोळ्यांसमोरून जाईनात. कुठल्यातरी खिडकीमागे एक म्हातारी बसली होती, तिचं नाक धडधाकट होतं, आणि ज्याचं नाक मेलंय त्याच्या शब्दावर तिला वेड्यात काढायचं चाललं होतं. साहेबांना स्वतःची लाज वाटली. अगदी कान गरम होईपर्यंत वाटली.

"बाई, त्या गोळ्या देऊ नका," ते सुनेला म्हणाले. "माझं नाक गेलंय. मला काही कळत नाही. कसलाच वास कळत नाही. वास असणार, यांना आलाय," त्यांनी बायकोकडे बोट केलं, "आणि या माझ्या सहायक नाहीत, बायको आहेत."

सुनेने एकदा साहेबांकडे, एकदा रुमालाकडे पाहिलं आणि बादलीवरून उतरून गेली. सासूबाईंना हाक मारल्याचा आवाज आला.

मालकीणबाईंनी दोघांना ऑफिसात नेलं, दार लावलं, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय?"

"कुणाला नाही."

"मग सांगूच नका. तुम्हाला काय वाटतं, या रस्त्यावरचे बाकीचे सरळ चालतात ते नियमाला घाबरून? ते तुमच्या नाकाला घाबरतात. उद्या कळलं की नाक गेलं, तर परवा सगळ्यांच्या भट्ट्यांत पाइप. ते तेल विकतील निम्म्या भावात आणि मी बसेन इथे टोप्या घालून. माझ्या इथे वास आहे ना, मी निस्तरते. भट्टी विझवायला सांगून आले आहे. पण तुमचं तोंड तुम्ही बंद ठेवा."

म्हणजे बघा. आख्ख्या रस्त्यावर एकच सरळ बाई, आणि तीच साहेबांना खोटं बोलायला सांगत होती. बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि रोज मी रुमाल घेऊन यांच्यामागे फिरायचं का?" ती म्हणाली. "मला माझं दुकान आहे."

"तुम्ही नका फिरू. यांनी नुसतं हं म्हणायचं. चालतंय की."

"चालत होतं," साहेब म्हणाले. "तुम्ही प्रश्न विचारलात तिथे थांबलं ते. उद्या आणखी कुणी विचारेल."

ते उठले. भट्टी विझवून काय होणार होतं, भट्टीत शंभर जागा. वास नेमका कुठून सुटतो हे या आवारात कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. एव्हाना बायकोचंही नाक बधिर झालं होतं, ती म्हणत होती, आता तर मलाही काही जाणवत नाही बाई. राहता राहिलं एकच नाक. साहेब फाटकाबाहेर पडले, भिंतीला वळसा घालून वस्तीत शिरले आणि सुनेच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

सासूबाई आत खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिला होता, पण बाकी कशाला धक्का लागलेला दिसत नव्हता.

"तुम्हीच का ते, तक्रारीत तथ्य नाही म्हणणारे?" त्या म्हणाल्या. "माझे कानही चांगले आहेत म्हटलं."

"मीच तो, आजी. मला वास येत नाही. गेल्या थंडीपासून नाही."

"मग इतके दिवस तपासणीला जाऊन करत काय होतात?"

साहेबांनी खरं काय ते सांगितलं. डोळे कसे मिटायचे, श्वास कसा घ्यायचा, हं कसं म्हणायचं, सगळं. म्हातारी आधी डोळे वटारून ऐकत होती, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती इतकी हसली की सुनेला पाठ चोळावी लागली. हसण्याने राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा तिने सांगता सांगता काढला.

"वास काही सदा येत नाही," ती म्हणाली. "माझं कुणी नीट ऐकूनच घेत नाही. लोखंडी दार आपटल्याचा आवाज येतो बघा, धाडकन. ते आपटलं की मागोमाग येतो. आधी जळक्या रबराचा, मग त्यात एक तेलकट असा मिसळतो, घशात चिकटून बसणारा. मग हळूहळू ओसरतो. पुन्हा दार आपटलं की पुन्हा सुरू. दाराचंच काहीतरी आहे त्यांच्या."

भट्टीतली काजळी ओढून काढायला ते दार उघडत आणि आपटून लावलं की भट्टी पुन्हा पेटवत. साहेबांनी परत जाऊन सांगितलं तेव्हा मालकीणबाईंनी धूर बाहेर सुटू नये म्हणून दाराच्या कडेला लावलेलं पॅकिंग बोटाने चाचपून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पॅकिंग करपून कडक झालं होतं, मध्ये मध्ये पार झडलं होतं. आणि ते करपवलं होतं खुद्द बाईंनी. बेकरीत भट्टीचे पत्रे रोज तेलाच्या बोळ्याने पुसायची सवय. इथेही रोज सकाळी दाराच्या कडा त्या स्वतःच्या हाताने तेल लावून पुसत होत्या, आणि दार तापलं की ते तेल पॅकिंगला लागून जळत होतं. कामगारांना वाटायचं, काय बाई आहे, किती निगा राखते.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच," साहेबांची बायको म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटलं म्हणून पुढे म्हणाली, "माझाही एकदा इस्त्रीने आख्खा कोट जळला होता."

नवीन पॅकिंग बसलं. साहेब मात्र दुसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. कोठार तर कोठार, त्यांनी मनाची तयारी केली होती. त्यांनी सगळं सांगितलं. मोठे साहेब ऐकत होते आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरत होतं.

"काय डोकं आहे तुमचं," मोठे साहेब म्हणाले. "नाक गेलं असं पसरवायचं, म्हणजे सगळे बेसावध. आणि मग बरोबर धाड घालायची."

"नाही साहेब, खरंच गेलंय."

"बरोबर, असंच म्हणायचं," मोठे साहेब म्हणाले. "माझ्यासमोरही."

बातमी रस्त्यावर गेली ती याच थाटात. नाकसाहेब म्हणतात वास येत नाही. म्हणजे नक्कीच काहीतरी शिजतंय. मालकांची धाबी दणाणली. ज्यांनी पाइपांची पोती मागच्या शेडमध्ये दडवून ठेवली होती त्यांनीही ती मुकाट्याने परत पाठवली. नाकसाहेब भेटेल त्याला कळवळून सांगत होते की अहो, खरंच गेलंय हो, आणि ऐकणारा जितका हसायचा तितका घाबरायचा. मालकीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून हसल्या.

पण एक बदल झाला. साहेब आता भिंतीपाशी डोळे मिटून उभे राहीनासे झाले. ते भिंतीला वळसा घालून पलीकडे जायचे, दार वाजवायचे आणि विचारायचे, "तुम्हाला कसला वास येतो? केव्हा येतो?" लोकांना वाटायचं साहेब परीक्षा घेतायत. मग लोक फार मन लावून उत्तर द्यायचे.

काही दिवसांनी ते पुन्हा त्या सासूबाईंकडे गेले. खिडकी उघडी होती. सासूबाई म्हणाल्या, वास गेला, अगदी गेला, आता सुनेशी भांडायला काहीतरी नवीन शोधावं लागेल. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "नाकावाचून सगळ्यात जास्त काय चुकल्यासारखं वाटतं हो तुम्हाला?"

साहेब एकदम बोलून गेले. "मुलीला मुलगी झालीय. ताप येऊन गेल्यानंतर झाली. जो येतो तो तिच्या टाळूला नाक लावतो आणि म्हणतो, अहाहा. मीही लावतो. मीही म्हणतो, अहाहा." ते थांबले. "कारखानदारांपुढे केलेल्या नाटकाचं मला एवढं वाटत नाही. याचं वाटतं."

"मुलीला सांगितलंत?"

"नाही."

"आख्ख्या गावाला सांगत सुटलात आणि मुलीला नाही? जा, आत्ता जा."

साहेब गेले. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी साहेबांची बायको झबल्याला बंद लावत होती. साहेब समोर बसले आणि म्हणाले, "हिच्या डोक्याचा वास कसा येतो, सांग ना मला."

"घ्या की तुम्हीच, बाबा."

"मला येत नाही. ही जन्मायच्या आधीपासून येत नाही. मी उगाच घेतल्यासारखं करतो."

मुलगी बघतच राहिली. मग आईकडे वळली. आई बंद लावत राहिली, म्हणजे तिला माहीत होतं. मुलीला रडू यायला लागलं, पण आधी ती चिडली. घरात काही सांगायचं नाही, सगळं मनात ठेवायचं, असं बरंच बोलली. बोलून झालं तेव्हा तिने बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटले.

"दुधासारखा," ती म्हणाली. "नाही, नुसतं दूध नाही. उन्हात वाळलेलं कापड असतं ना, मऊ, तसा थोडा. आणि आत आणखी एक आहे, बाबा, तो मला सांगता येत नाही. तो फक्त हिचाच आहे."

साहेब मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मुलगी आणखी सांगत राहिली, कानामागे कसा, मानेच्या वळीत कसा.

एवढ्यात आतल्या खोलीतून जावई आले, दारातच थबकले आणि रुमाल काढून नाकावर धरला. मुलीनेही बाळाला हळूच मांडीवरून लांब धरलं. साहेबांच्या बायकोने झबलं बाजूला ठेवून खिडकी उघडली. तिघंही एकमेकांकडे बघत होते, पण जागचं कुणी हलेना.

साहेबांनी तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बाह्या वर सरकवल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडे," ते म्हणाले. "यापुढे हे खातं माझं."